सातवी फेरी

अप्पा, आज सकाळी कपाटावरून तुमचं ते लाकडी कडं खाली काढलं. स्टुलावर चढताना दोन्ही गुडघे कुरकुरले आणि उतरताना त्यांनी चढतानाचं सगळं व्याजासकट वसूल केलं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. चोवीसच्या चोवीस खुंट्या शाबूत आहेत, खुंट्यांवरचे टाकेही तसेच आहेत, आणि कड्याच्या मधून खाली लोंबतोय तुमचा मरून-राखी पट्ट्यांचा स्कार्फ, हातभर आणि वर चार बोटं. कसर लागलेली नाही. दर दिवाळीला डांबराच्या गोळ्या बदलते मी, न चुकता. मात्र सोळा वर्षांत तो एकदाही उलगडून पाहिला नव्हता. गोळ्या टाकायच्या, चादर परत गुंडाळायची आणि खाली उतरायचं, इतकंच.

खाली काढायचं कारण धाकटा. हुबळीला त्याचं नवं दुकान उघडतंय, तीन मजली, आत सरकता जिना. परवा फोनवर म्हणाला, "अक्का, ते अप्पांचं विणकाम हाय न्हवं, ते दे मला. काचेच्या पेटीत घालून दारातच लावतो. खाली लिहायचं, अप्पांचा शेवटचा शब्द. मराठीत 'ऊठ' आणि कन्नडात 'येळ'. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचलं पायजे." मी बरं म्हटलं. आजकाल मी कुणाला नाही म्हणत नाही, नाही म्हटल्यावर पुढं जे बोलावं लागतं त्याचा कंटाळा येतो. फोन ठेवला आणि मग दोन दिवस कपाटाकडं बघायचं टाळलं.

तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. सांगायचं म्हणजे धारवाडात सुभाष रोडवरच्या आपल्या लोकरीच्या दुकानापासूनच सांगावं लागेल. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. पण मला त्या दारातून जाताना अजून लोकरीचा वास येतो. मी सहा-सात वर्षांची, शाळा सुटली की तिथंच. तुम्ही गादीवर मांडी घालून सुया चालवताय. पुरुषमाणूस भर बाजारात बसून विणतोय म्हणून नवी गिऱ्हाइकं आधी हसायची आणि मग तुमच्याकडूनच गळा कसा उतरवायचा ते शिकून जायची. एका शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी तुम्हाला विणायला शिकवलं होतं. त्या कानडी, म्हणून तुमचं मोजणंही कानडीतच बसलं ते कायमचं. घरात मराठी, भांडण मराठीत, देवापुढं मराठी, आणि सुई हातात आली की ओंद, यड्ड, मूर, नाक, ऐद, आर, येळ.

त्या मोजण्याचा आपला एक खेळ होता. चाराला तुम्ही 'नाक' म्हणालात की मी नाकाला बोट लावायचं. आणि साताला 'येळ' म्हणालात की टुणकन उभं राहायचं, कारण कानडीत सातही येळ आणि ऊठही येळ. गिऱ्हाईक बाई "ई बण्ण ऐतेन्री?" म्हणून रंगाची चौकशी करतेय, तुम्ही तिला उत्तर न देता माझ्याकडं बघून "नाक" म्हणताय, आणि मी नाकाला बोट लावून उभी. ती बाई गोंधळायची. मग तुम्ही घशातल्या घशात हसायचात. मोठ्यानं हसलेले तुम्ही मला आठवतच नाही.

कौतुक मात्र तुम्ही कधी केलं नाहीत आणि लोकरीचा एक धागा घरी आणला नाहीत. दुकानात टांगलेले सगळे नमुने. त्यातला एक गुलाबी स्वेटर माझ्या मापाचा होता. मी किती दिवस त्याच्यावर डोळा ठेवून होते! शेवटी धीर करून मागितला, तर तुम्ही तो खाली काढून माझ्या अंगाला लावलात, आणि त्याला एकच बाही निघाली. "गिऱ्हाइकाला दाखवायला एक बाही पुरते," म्हणालात, आणि परत टांगलात. मी रडले. तुम्ही म्हणालात, "सुम्म कूड." गप बैस. एवढीच समजूत. धारवाडच्या थंडीत, लोकरीच्या दुकानदाराची मुलगी आत्याचा जुना सुती कोट घालून शाळेत जायची, आणि मला वाटायचं सगळ्याच लोकरवाल्यांच्या घरी असंच असतं.

मग ते वर्ष. मी हुबळीला नोकरीला होते, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, धाकट्याचा संसार हुबळीत. तुम्हाला झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. दुकान धाकट्यानं आवरलं. तुम्हाला मी आवरलं. आधी रजा घेतली, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. ज्या कौतुकानं लोक हे सांगतात ते कौतुक मला तेव्हाही पेललं नाही. तुम्हाला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भांडं द्यायचं, भरवायचं, भरवलेलं गालात राहिलं तर बोटानं काढायचं. तुम्ही माझ्याकडं बघायचा तेव्हा नजरेत राग असायचा की लाज, ते मला कळायचं नाही, आणि काही दिवसांनी मी बघणंच सोडून दिलं. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, डाव्या हाताला रोज काहीतरी काम द्या, आवडीचं. आवडीचं म्हणजे काय? दोन सुया एका हातानं चालत नाहीत.

दुकानातल्या नमुन्यांच्या जुन्या पुस्तकात खुंट्या मारलेल्या एका कड्याचं चित्र होतं. पूर्वी ते बघून तुम्ही "पोरींचं खेळणं" म्हणाला होतात. अळणावर गावच्या एका सुताराकडून मी तसलं एक सागवानी कडं करून आणलं. पलंगावर आडवी फळी टाकली, फळीला मध्ये भोक पाडलं, त्यावर कडं पक्कं बसवलं. लोकर खुंटीभोवती गुंडाळायची आणि खालचा वेढा आकड्यानं उचलून खुंटीच्या डोक्यावरून पलीकडं टाकायचा. चोवीस खुंट्या झाल्या की एक फेरी, आणि विणलेलं भोकातून खाली उतरत जातं. मी करून दाखवलं तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत. दोन दिवस त्या फळीवर फक्त औषधाच्या बाटल्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला, "ओंद."

पिठाच्या हातानं तशीच धावत आले मी. तीन महिन्यांनी तुमच्या तोंडातून शब्द निघाला होता, अप्पा! तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत, आकडा पुढच्या खुंटीत घातलात. पाणी मागता येत नव्हतं, माझं नाव घेता येत नव्हतं, पण मोजणं कुठंतरी वेगळ्या कप्प्यात राहिलं असावं, ते झटक्याच्या तडाख्यातून सुटलं. फेरीमागून फेरी, सातापर्यंत. साताच्या पुढं तुम्ही गेला नाहीत, कारण पट्टा सात फेऱ्यांचा. सहाचा पट्टा लांबून डोळ्यांत भरत नाही, हे तुम्ही मला लहानपणी शंभरदा ऐकवलेलं. सात झाले की धागा तोडून दुसरा रंग जोडायचा, आणि एका हातानं गाठ मारता येत नाही. म्हणून "येळ" ऐकू आलं की मी उठायचं, हातातलं टाकून यायचं आणि गाठ मारून द्यायची. मरूनला राखी, राखीला मरून. तिसऱ्या राखी पट्ट्यात अजून माझ्या हातचं वाळलेलं पीठ आहे. आज नखानं खरवडून पाहिलं, निघत नाही.

एकदा मला बँकेत जायचं होतं. उशीर होत होता, म्हणून मी सहाव्या फेरीलाच रंग बदलला आणि निघाले. परत आले तर तुम्ही एक खुंटीही पुढं गेला नव्हता. डाव्या हातानं फळी बडवायला लागलात. शेजारची काकू धावत आली. गाठ सोडवली, परत मरून जोडला, तुम्ही सातवी फेरी पुरी केलीत आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालात, "येळ." दुकानात गड्याला चूक दाखवताना जो आवाज लागायचा, तोच. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाचा राग आठवला की मला बरं वाटतं. तुम्ही माझ्यावर चिडलात म्हणजे पूर्वीचे तुम्ही अजून तिथं होतात.

आणि तो स्कार्फ माझ्यासाठी होता. हे धाकट्याला माहीत नाही, त्याला वाटतं तो व्यायाम. एका सकाळी खाली उतरलेला पट्टा तुम्ही चिमटीत धरलात आणि माझ्या गळ्याकडं बोट केलंत. मला वाटलं पदर लागतोय. मी पदर सारखा केला. तुम्ही परत बोट केलंत, मग पट्टा ओढून दाखवलात. मी म्हटलं, "मला?" तुम्ही मान हलवलीत, हलली तेवढी. मी आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले आणि चहा उतू गेला. नमुना नव्हता तो, अप्पा. दोन्ही बाह्यांचा असावा तसा, पुरा होणार होता.

शेवटच्या दिवशी दुपारी काय झालं ते सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की मी जागी झाले तेव्हा तुम्ही गेला होतात. माणसं जमली. शेजारच्या काकूनं विचारलं, शेवटचं काही बोलले का? मी म्हटलं, "येळ म्हणाले." तिनं डोळ्याला पदर लावला आणि मागच्या बायकांना सांगितलं, "नोड्री, मगळिगे 'येळ' अंदार!" बघा हो, लेकीला ऊठ म्हणाले. झालं. तेराव्याला धाकट्यानं सगळ्या पंगतीला ते सांगितलं. वाचा गेलेला माणूस जाता जाता लेकीला सांगून गेला, की आता माझ्यापाशी बसू नकोस, ऊठ, तुझ्या मार्गाला लाग. सगळे रडले. मीही रडले आणि तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून सोळा वर्षं मी तुमच्या त्या एका आकड्यावर उठतेय. पंचेचाळिशीत परत नोकरी धरली, तेव्हा सगळे म्हणाले, अप्पांनी सांगितलंच होतं. ताप आला म्हणून पडून राहिले, तर भावजय दारातून हसत म्हणाली, "अक्का, अप्पा काय म्हणाले होते?" उठले. भाच्याच्या लग्नात सगळ्यात आधी मी उठायचं आणि सगळ्यांत शेवटी निजायचं, कारण अक्का म्हणजे उठणारी. मेली सगळी हौस लोकांची. मला कधीकधी वाटायचं, कुणीतरी येऊन 'सुम्म कूड' म्हणावं.

आज दुपारी धाकटा पेटीचं माप घ्यायला आला. कडं मांडीवर घेऊन बसला आणि त्याचे डोळे भरले. त्याचं प्रेम खोटं नाही, मला त्याच्यावर रागावताही येत नाही. मी धीर केला. म्हटलं, "अरे, ते ऊठ नव्हतं. मोजत होते ते. फेऱ्या मोज शेवटच्या पट्ट्याच्या. बरोबर सात आहेत."

त्यानं मोजल्या. कानडीतच मोजल्या, बोट लावून. साताला थांबला. मला वाटलं, आता पेटी गेली. तो हसला.

"अक्का, येळ म्हणजे येळच की. अप्पांना दोन्ही म्हणायचं असंल."

"फक्त रंग बदलायचा होता रे त्यांना."

"बिडु गं, सोड. तू लई विचार करतीस. आणि हे बघ, उद्या माणूस येईपर्यंत हात लावू नकोस याला. हाय तसंच पायजे. अप्पांचा शेवटचा टाका हाय तो."

चहा पिऊन गेला. अर्धं खरं सांगितलं की लोक त्याचीही फुलं करून त्याच गजऱ्यात ओवतात. उरलेलं अर्धं त्याला सांगायला माझी जीभ वळली नाही, म्हणून हे कागद घेऊन बसले.

त्या दुपारी जेवणं आटोपली होती. आदल्या आठवड्यात तुम्हाला खोकला होता आणि मला सलग झोप अशी नव्हतीच. तुमच्या पलंगाखाली चटई टाकून मी आडवी झाले, हात डोळ्यांवर. वर तुमचं चाललेलं. खुंटीवर आकडा घासल्याचा बारीक आवाज, आणि मधून मधून तुमचं मोजणं. ओंद. यड्ड. मला बरं वाटत होतं. कंबर जमिनीला टेकली होती आणि तुम्ही कामात होतात. मूर. मग तुम्ही चौथी फेरी संपवलीत आणि म्हणालात, "नाक." आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, डोळे न उघडता नाकाला बोट लावलं.

तुम्हाला ते दिसलं. तुम्ही घशातल्या घशात हसलात. ऐकलं मी.

मग ऐद. मग आर. सातवी फेरी लांबली, हात थकला असेल. "येळ," म्हणालात. मी हलले नाही. मनात म्हटलं, दोन मिनिटं, अप्पा, फक्त दोन मिनिटं. तुम्ही थांबलात. परत म्हणालात, "येळ." तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा आवाजात राग नव्हता, फळी बडवली नाहीत, एक फेरी कमी पडली म्हणून पेटलेला माणूस तो. अगदी हळू म्हणालात, आणि मग काहीच म्हणाला नाहीत. मला वाटलं, बरं झालं, सोडून दिलं. आणि मला झोप लागली, अशी गाढ, की वर्षभरात लागली नव्हती. जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. तुमचा डावा हात कड्यावर होता आणि मरून धागा बोटाला वेढलेला, गाठीसाठी धरलेला असतो तसा.

डॉक्टर म्हणाले, मी उठले असते तरी काही होणार नव्हतं. तुम्ही जाणारच होतात हे मला पटलेलं आहे, मी त्यासाठी स्वतःला कोसत नाही. पण माझ्या गळ्याचा स्कार्फ विणत माणूस तीनदा बोलावतो, मी जागी आहे हे त्याला माहीत आहे, आणि मी उठत नाही. लोकांनी त्याच हाकेची मला उठवायची आरती केली. काचेखाली ती लिहून येणार आहे, दोन भाषांत, तीन मजली दुकानाच्या दारात.

तर मी ठरवलंय, की स्कार्फ द्यायचा नाही. सातवी फेरी झालेली आहे, आता राखी लावायचा आणि पुढं विणायचं, माझ्या गळ्यापुरतं. एकदा गाठ मारली की तो तुमचा शेवटचा टाका राहणार नाही, मग धाकटा पेटीचं नाव काढणार नाही. रागावेल, महिनाभर फोन करणार नाही. त्याला कारण मात्र सांगणार नाही, थंडी वाजत होती म्हणेन. हे कागद डाळीच्या डब्याखाली जातील, तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

राखी लोकर आतल्या खोलीत पेटीत आहे, तेव्हाचीच, अर्धा गुंडा. ती आणायला उठलं पाहिजे. कडं समोर आहे, धागा सुटा आहे, ऊन भिंतीवरून खाली चाललंय. खरं सांगते अप्पा, अजून उठलेले नाही.